हनोईतलं घरगुती फो-घर आणि आपली नागपुरी जीभ

महालकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ओळखीतले बरेच जण हल्ली व्हिएतनामला जाऊन राहिले. ई-व्हिसा घरबसल्या होतो, मुंबईहून हनोईला आणि हो चि मिन्ह शहराला थेट विमान आहे. पण परत आल्यावर जेवणाचं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: "इंडियन रेस्टॉरंट सापडलं, काही त्रास झाला नाही." मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. ज्या देशात सकाळच्या न्याहारीसाठी लोक आदल्या रात्रीपासून पातेलं चुलीवर ठेवतात, तिथून आपण पनीर बटर मसाला खाऊन यायचं? म्हणून हा धागा.

हनोईच्या जुन्या भागात घरं अरुंद आणि खोलच्या खोल असतात. दर्शनी खोलीत दुकान, मागे मोरी आणि भांडी, वर कुटुंब राहतं. आम्ही नवराबायको जिथे रोज सकाळी जायचो ते अशाच एका घरात होतं. भिंतीवर उंचावर पूर्वजांचा देव्हारा, त्यात उदबत्ती आणि फळं. त्याखाली ठेंगणी प्लॅस्टिकची स्टुलं. आजी कोंबडी कापायला, मुलगा पातेल्यापाशी, सून पैसे घ्यायला आणि भांडी उचलायला. मेन्यूकार्ड नाही, कारण पदार्थ एकच: फो गा, म्हणजे कोंबडीच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया. सकाळी सहाला सुरू, दहाच्या सुमारास पातेलं रिकामं, की शटर खाली. दुपारी गेलात तर त्याच खोलीत घरातली मंडळी टीव्ही पाहत बसलेली दिसतील.

वाडगा समोर येतो तो साधाच दिसतो. पाण्यासारखा स्वच्छ रस्सा, वर तुपासारखे पिवळे थेंब, पांढऱ्या रुंद शेवया, कातडीसकट कापलेली कोंबडी, कांद्याची पात आणि केसाइतकी बारीक चिरलेली लिंबाची पानं. तर्रीची सवय असलेल्या माणसाला वाटतं, यात आहे काय? पहिला घोट घेतल्यावर कळतं. आधी कोंबडीची गोडी येते, मग भाजलेलं आलं, आणि घशाखाली उतरल्यावर मागून मसाल्याचा वास. मसाला जिभेला लागतच नाही, नाकाला लागतो. मी आजवर खाल्लेल्या कुठल्याच रश्शात मसाला असा मागे उभा राहिलेला पाहिला नव्हता.

टेबलावर लिंबू, ताजी मिरची आणि लसूण घातलेला व्हिनेगर असतो. आपले लोक बसल्याबसल्या तिन्ही गोष्टी ओततात आणि मग म्हणतात, "आंबट आहे." माझी कळकळीची विनंती: पहिले तीन-चार घोट काहीही न घालता घ्या. त्या घराने जे केलंय ते आधी चाखा. मग अर्ध्या वाडग्यात लिंबू पिळा, लसणाचं व्हिनेगर चमचाभर घाला. उरलेला अर्धा वाडगा वेगळाच पदार्थ होतो.

ही गोष्ट नागपूरकराला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. गोळीबार चौक, पाचपावली या भागातली जुनी सावजी भोजनालयं आठवा. पुढच्या खोलीत टेबलं, मागे घर, मसाला घरच्या बायकांच्या हातचा. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातली चव अशीच दर्शनी खोलीतून शहरभर गेली. तिथे कोणी पाहुणा येऊन "तेल नको, तिखट नको, जरा साखर टाका" म्हणाला, तर आपल्याला कसं वाटेल? आपण म्हणू, बाबा, आधी जसं आहे तसं खाऊन तर पाहा. हेच मला हनोईबद्दल म्हणायचं आहे. घरगुती ठिकाणी आधी त्यांची चव, मग आपली.

व्यवहाराचं थोडं. हनोईत फोचा वाडगा साधारण पन्नास ते सत्तर हजार डोंगला मिळतो, म्हणजे आपल्या दोनशे रुपयांच्या आसपास. रोख जवळ ठेवा. टिपेची पद्धत नाही. आपल्यापैकी बरेच जण गोमांस खात नाहीत, त्यांनी पाटी नीट पाहावी: 'फो बो' म्हणजे गोमांसाचा, 'फो गा' म्हणजे कोंबडीचा. एकाच ठिकाणी दोन्ही असतील तर रस्सा एकच असू शकतो, म्हणून फक्त कोंबडीचं घर शोधावं. अशी घरं भरपूर आहेत. फो मुळात गोमांसाचाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाम दिन्ह आणि हनोई भागात तो आकाराला आला, फ्रेंचांमुळे तिथे गोमांसाचा वापर वाढलेला होता. कोंबडीचा फो 1939 च्या सुमारास आला असं सांगतात, कारण सरकारने आठवड्यातले दोन दिवस गोमांसाची विक्री बंद केली होती आणि दुकानं तर चालवायची होती.

तुमच्यापैकी कोणी तिकडे घरगुती ठिकाणी जेवलं असेल तर लिहा. आणि नागपुरात घरी हे करता येईल का, यावर मला मनापासून चर्चा हवी आहे.

---

मस्कासाथ

मस्त लिहिलं भाऊ. आमचा इतवारीत मसाल्याचा धंदा आहे, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. सावजी मसाल्यात जे चक्रीफूल पडते ना, ते भारतात फार थोडं पिकते. बाहेरून येते त्यातला मोठा वाटा व्हिएतनामचा. चीनच्या सीमेला लागून लांग सोन नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तिथलं चक्रीफूल जगात नावाजलेलं. व्हिएतनामच्या चक्रीफुलाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारतच आहे. जाड सालीची जी दालचिनी आपल्याकडे पोत्यानं विकली जाते, तीही बरीचशी तिकडचीच.

म्हंजे हनोईच्या आजीच्या पातेल्यात जे पडून राहिलं, तेच इतवारीतून उचलून आपण काळ्या रश्शात टाकून राहिलो. फरक वापरण्यात आहे. आपण भाजून, खोबरं-खसखससोबत वाटून अख्खं पोटात घालतो. ते लोक कोरडं भाजून फडक्यात बांधून सोडतात आणि वास उतरला की काढून टाकतात.

घरी करणाऱ्यांसाठी: चक्रीफूल घेताना तुटका चुरा घेऊ नका. पाकळ्या पूर्ण उमललेल्या, आत चकचकीत बी असलेलं निवडून घ्या. दोन लिटर पाण्याला दोन फुलं बस झाली. जास्त टाकलं तर काढ्याची चव येते.

---

धरमपेठ शाकाहारी

लेख आवडला, पण एक सांगायलाच हवं. इंडियन रेस्टॉरंट शोधणाऱ्यांना नावं ठेवणं मांसाहारी माणसाला सोपं आहे. माझ्या सासूबाई अंडंही खात नाहीत. तिकडे भाजीतही माशाचं सॉस असतं, पालेभाजी परततानाही ते घालतात. समोरच्याला वाटतं यात मांस नाही म्हणजे चालेल. सत्तरीच्या बाईंनी चार दिवस फळांवर राहायचं का? "आधी त्यांची चव" हे तत्त्व त्यांना कसं लागू करणार?

---

महालकर

तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. ज्यांच्यासाठी हा श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यांच्याबद्दल मी बोलतच नव्हतो. माझं गाऱ्हाणं सगळं खाणारे असूनही तिकडचं न चाखता येतात त्यांच्याबद्दल आहे. शाकाहारींसाठी काय सोय आहे ते माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

---

कामठी रोड

मी लिहिते. आम्ही बौद्ध आहोत, घरात पौर्णिमेला उपोसथ पाळतो, त्या दिवशी मांसाहार नसतो. व्हिएतनाममध्ये गेल्यावर मला सगळ्यात जवळचं वाटलं ते हेच. तिकडे चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशेबाने अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास, असंख्य कुटुंबं शाकाहार करतात. एरवी मांसाचे पदार्थ विकणाऱ्या काही टपऱ्याही त्या दिवशी शाकाहारी पाटी लावतात. शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात आणि 'कोम चाय' अशी पाटी असली की आत सगळं शाकाहारी. बहुतेक ठिकाणं एखाद्या कुटुंबाचीच, विहारांच्या आजूबाजूला जास्त. हुए हे जुन्या राजधानीचं शहर यासाठी खास ओळखलं जातं.

धरमपेठ ताई, तुमच्या सासूबाईंसाठी महत्त्वाचं: तिकडचा बौद्ध धर्म प्रामुख्याने महायान परंपरेचा आहे आणि कडक शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. आपल्याकडच्या जैन मंडळींनाही हे जेवण चालू शकेल, फक्त कंदमुळांचं आणि मशरूमचं विचारून घ्यावं. माशाच्या सॉसऐवजी सोयाचं सॉस असतं. टोफू, मशरूम, कमळाच्या बिया, केळफूल, फणस या सगळ्याचे पदार्थ होतात. फो चायसुद्धा मिळतो. त्याचा रस्सा मुळा, गाजर, मक्याची कणसं आणि मशरूम उकळून करतात, मसाला तोच.

एका विहाराजवळच्या घरी आम्ही जेवलो. तिथल्या बाईंना मोडक्यातोडक्या शब्दांत आणि फोनवरचा फोटो दाखवून सांगितलं की नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतली. त्यांनी आधी फोटोला हात जोडले, मग आमच्या ताटात आणखी भात वाढला.

---

सध्या सायगावात

मूळ नागपूरचा, नोकरीसाठी हो चि मिन्ह शहरात राहतो. इथले लोक आजही बोलताना सायगावच म्हणतात.

महालकर यांच्याशी माझा एक मतभेद आहे. "काहीही न घालता प्या" हा हनोईचा नियम झाला. दक्षिणेत तो लावला तर उलटा अपमान होईल. 1954 च्या जिनिव्हा करारानंतर देशाची फाळणी झाली, तेव्हा उत्तरेतून आठ ते दहा लाख माणसं दक्षिणेत आली. त्यांच्याबरोबर फो आला आणि इथल्या मातीत बदलला. इथे वाडग्यासोबत एक ताटभर पाला येतो: तुळशीच्या जातीची जांभळट दांड्याची पानं, करवतीसारख्या कडेची लांब कोथिंबीर, मुगाचे मोड, लिंबू, मिरची. रस्सा थोडा गोडसर असतो. प्रत्येक जण आपापला वाडगा जुळवून घेतो, आणि जुळवून घेणं हीच इथली रीत आहे. हनोईवाले याला गोंगाट म्हणतात, सायगाववाले हनोईच्या फोला अळणी म्हणतात. दोन्हीकडे आजीच्या हातचंच आहे. खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये.

दुसरी गोष्ट. सगळे फोवर अडकतात, पण घरगुती जेवण पाहायचं तर दुपारी 'कोम बिन्ह झान' म्हणतात त्या साध्या खानावळीत जावं. काचेच्या कपाटात आठ-दहा भाज्या-कालवणं मांडलेली, बोटाने दाखवायची, भातावर वाढून देतात. तिथलं कान्ह चुआ नक्की खा. चिंच, अननस, टोमॅटो आणि भेंडी घातलेलं माशाचं आंबटगोड सार. चिंच आणि भेंडी एकत्र पाहून मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं झालं. सोबत मातीच्या छोट्या भांड्यात साखर करपवून, माशाच्या सॉसमध्ये आटवलेला मासा. खारट, गोड, काळपट. त्याचा एक तुकडा आणि वाटीभर भात.

माशाच्या सॉसबद्दल लोकांच्या मनात भीती असते, तीही घालवतो. छोटे मासे आणि मीठ, साधारण तीनास एक, लाकडी पिंपात वर्षभर मुरवतात आणि खालून जे निथळतं ते सॉस. फु क्वोक बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. वास उग्र असतो, पण लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची मिसळली की तीच त्यांची रोजची चटणी होते. वऱ्हाडातल्या ज्या घरात सुके झिंगे शिजतात, त्या घराने या वासाला घाबरायचं कारण नाही.

---

शेपूची पेंडी

चा का कोणीच लिहिलं नाही! हनोईत एका पदार्थावरून अख्ख्या रस्त्याला नाव पडलंय, चा का रस्ता. हळदीत मुरवलेला मासा टेबलावरच छोट्या शेगडीवर तेलात परततात आणि त्यावर मूठ-मूठ शेपू आणि कांद्याची पात घालतात. सोबत बारीक शेवया, भाजलेले शेंगदाणे. हळद आणि शेपू! ज्या शेपूला आपल्या घरात निम्मे लोक नाक मुरडतात, ती तिथे ताटाची राणी आहे.

मी घरी करते. भंडारा-गोंदियाकडून तलावाची मरळ आली की काटे काढून तुकडे करायचे. वायगावची हळद, आल्याचा रस, थोडं दही, मीठ. तासभर मुरू द्यायचं. मूळ कृतीत आंबवलेल्या भाताचा आंबटपणा असतो, दही त्याच्या जागी चालतं. तेल नीट तापलं की मासा टाकायचा, कडा लाल झाल्या की शेपू. शेपू दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, ती अर्धी कच्चीच हवी.

---

पाटवडी

मले एक विचारायचं होतं. अंड्याची कॉफी खरंच चांगली लागते का? की नुसतं फोटोपुरतं?

---

सध्या सायगावात

खरंच चांगली लागते. दुधाची टंचाई होती म्हणून 1946 मध्ये हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याने दुधाऐवजी फेटलेलं अंड्याचं पिवळं वापरलं. त्यांच्या कुटुंबाचा कॅफे हनोईत अजून चालू आहे. खाली कडू रोबस्टा, वर घट्ट गोड फेस. रोबस्टा पिकवण्यात व्हिएतनाम जगात पहिला आहे, त्यामुळे कॉफी तशी कडकच. गरम असतानाच संपवायची.

---

मस्कासाथ

महालकर, तुम्ही घरी करायचं म्हटलं होतं. कृती टाका ना. बायको मागे लागली आहे.

---

महालकर

टाकतो. आधी सायगावकरांना: तुमचं म्हणणं पटलं. "त्यांची चव" म्हणजे त्या-त्या घराची रीत, असं म्हणू. जिथे पाल्याचं ताट येतं तिथे पाला घालूनच खावं.

आता कृती, कोंबडीच्या फोची. गावरानी कोंबडीच घ्या. ब्रॉयलरला रस्सा चढत नाही, पाणचट होतो. अख्खी कोंबडी, आणि खाटकाकडून जास्तीची हाडं आणि पाय मागून घ्या. हाडं आणि पाय आधी पाच मिनिटं खळखळ उकळून ते पाणी फेकून द्या आणि हाडं धुऊन घ्या. हे टाळलं तर रस्सा गढूळ होतो, मग काही केलं तरी स्वच्छ होत नाही.

एक मोठा कांदा आणि बोटभर आलं सालीसकट थेट गॅसवर भाजा, बाहेरून काळं होईपर्यंत, वांगं भरतासाठी भाजतो तसं. काळी साल खरवडून टाका. दोन चक्रीफुलं, दालचिनीचा तुकडा, एक मोठी वेलची, दोन लवंगा, चमचाभर धणे कोरडे भाजून फडक्यात बांधा.

मोठ्या पातेल्यात कोंबडी, हाडं, पाय, कांदा, आलं आणि सगळं बुडेल इतकं पाणी. पहिली उकळी आली की आच एकदम कमी. इथेच आपला हात चुकतो, कारण आपल्याला रस्सा रटरट शिजवायची सवय. याला फक्त अधूनमधून एखादा बुडबुडा यायला हवा. वर येणारा फेस काढत राहा. झाकण पूर्ण लावू नका. कोंबडी शिजली की बाहेर काढून थंड पाण्यात बुडवा, त्याने कातडी घट्ट आणि पिवळी राहते. मांस सोडवून घ्या, हाडं परत पातेल्यात. एकूण तीन-चार तास. मसाल्याची पुरचुंडी शेवटच्या पाऊण तासात टाका आणि नंतर काढून घ्या. मीठ, खडीसाखरेचा छोटा खडा, दोन चमचे माशाचं सॉस. गाळा.

तांदळाच्या रुंद शेवया पाकिटात मिळतात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, खायच्या वेळी उकळत्या पाण्यात मिनिटभर. रस्शात शिजवू नका, पिठूळ होतो. वाडगा गरम पाण्याने विसळून घ्या, शेवया, मांस, पात, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वरून उकळता रस्सा. गावठी लिंबाची दोन पानं शीर काढून अगदी बारीक चिरून टाका.

प्रेशर कुकर वापरू नका. लोक विचारतील म्हणून आधीच सांगतो.

---

धरमपेठ शाकाहारी

कामठी रोड ताई, मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या तिकिटांची तारीख पौर्णिमा पाहून ठरवा म्हणाल्या. मी मुळा-गाजर-मक्याचा रस्सा करून पाहिला. मशरूम आधी कोरडं भाजून घेतलं तर फार फरक पडतो. मीठ आणि सोया सॉस बेताने, नाहीतर गाजराची गोडी मरते.

---

कामठी रोड

वाळवलेलं शिटाके मशरूम मिळालं तर ते भिजवलेल्या पाण्यासकट घाला. आणि शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याचा भरडा.

---

शेपूची पेंडी

तिकडच्या तुळशीसारख्या पाल्याला पर्याय विचारत होते कोणी तरी फोनवर, इथेच लिहिते. सब्जाचं रोप लावा. जात तीच आहे, वास थोडा सौम्य. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी सावलीत सरकवायचं आणि फुलोरा आला की खुडत राहायचं, म्हणजे पानं येत राहतात. पुदिना आणि सांबार तर आहेच. हळदीची पानं नका घालू, मी घातली होती, सगळा वास तोच होऊन बसतो.

---

मस्कासाथ

काल केला. तीन तास घरात जो वास सुटला, शेजारचे येऊन विचारून गेले. बाबांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "तिखट कुठाय?" मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, वाडगा संपवून परत मागितला. दुसऱ्या वाडग्यात त्यांनी भिवापुरी मिरचीचा ठेचा कालवला आणि मला तोही आवडला. सायगावकर म्हणतील तसं, आमच्या घराची रीत.

एक विचारायचं राहिलं. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये जेलीसारखा गोठला. बिघडला का?

---

महालकर

अजिबात नाही. पायातला चिकटपणा उतरला म्हणून गोठला, म्हणजे रस्सा नीट झाला. गरम केला की पातळ होईल. दोन दिवसांत संपवा, आणि जेवढा लागेल तेवढाच गरम करा.